दिलेल्या बिंदूतून एकच समांतर रेषा

य = ३क्ष + २ या रेषेला समांतर आणि (१, ७) या बिंदूतून जाणारी रेषा शोधा, असं उदाहरण आलं की हात आपोआप चालू लागतो. चढ तोच, ३. मग य − ७ = ३(क्ष − १), म्हणजे य = ३क्ष + ४. झालं उत्तर.

इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने हाच प्रश्न कंपास आणि सरळ पट्टीने सोडवला. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातलं हे ३१वं विधान. बिंदूतून मूळ रेषेपर्यंत एक छेदिका काढायची, तिथं झालेला कोन उचलून बिंदूपाशी तसाच उतरवायचा. व्युत्क्रम कोन समान, म्हणून रेषा समांतर. 'चढ तोच' म्हणताना आपणही कोनच उचलतो, फक्त छेदिकेच्या जागी क्ष-अक्ष असतो. मला तरी चढाचा अर्थ इथंच नीट उमगला.

अशी रेषा काढता येते, हे युक्लिडने सिद्ध केलं. पण ती एकच असते का? त्यासाठी त्याचं पाचवं गृहीतक, म्हणजे सिद्ध न करता मानलेलं विधान, लागतं: छेदिकेच्या एका बाजूच्या आतल्या दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या दोन रेषा त्या बाजूला वाढवल्यावर एकमेकींना भेटतात. तेच शतकानुशतकं अभ्यासकांना सलत राहिलं. उमर खय्याम, नसीरुद्दीन तुसी, १७३३ मध्ये साकेरी, सगळ्यांनी ते उरलेल्या गृहीतकांवरून सिद्ध करायचा प्रयत्न केला. जमलं कुणालाच नाही. अखेर लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि बोयाईने १८३२ मध्ये अशी भूमिती मांडली, जिथं एका बिंदूतून मूळ रेषेला कधीच न छेदणाऱ्या असंख्य रेषा जातात. गाउसही स्वतंत्रपणे तिथवर पोचला होता, पण त्याने ते छापलं नाही.

समीकरणाची वाट वेगळी. देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ चा, फर्माही त्याच सुमारास याच कामात होता. दोघांचं लक्ष मुख्यतः वक्रांवर. साध्या सरळ रेषेला आजचं बिंदू-चढ रूप (वरच्या य − ७ = ३(क्ष − १) सारखं, एक बिंदू आणि चढ यांवरून लिहिलेलं) मिळायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. ते नीट मांडलं फ्रेंच गणिती मोंजने.

मग आपल्या उदाहरणात तो जुना वाद गेला कुठे? य = ३क्ष + क मध्ये बिंदू घातला की ७ = ३ + क, आणि क ची किंमत एकच निघते, ४. पाचवं गृहीतक इथं कुणी उच्चारत नाही, कारण आलेखाची चौकट आखतानाच ते आत आलेलं असतं.