अवयवाची प्रतीक्षायादी आणि रहिवासाचा दाखला

दांडिया बाजार, रावपुरा भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बडोदेकर मराठी घरांना डोमिसाईलच्या दाखल्याची चिंता सहसा नसते. नोकरीनिमित्त नाशिक-जळगावहून आलेल्यांचं तसं नाही. किडनी निकामी झाली, संसार बडोद्यात, डायलिसिसही बडोद्यात. तरी मेंदूमृत (मेंदूचं काम कायमचं थांबलेल्या) दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवायला गुजरातचा अधिवासी असल्याचा दाखला मागितला जाई. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली.

ही अट आली कशी, हे समजायला १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यापर्यंत जावं लागतं. तेव्हा देशात किडन्यांचा बाजार मांडला गेला होता. कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूमृत्यूला मान्यता दिली. पण मिळालेला अवयव आधी कोणाला द्यायचा, याचा क्रम त्यात नव्हता. ती जागा ज्याने त्याने आपापल्या परीने भरली. मुंबईत विभागीय समन्वय समिती उभी राहिली, तामिळनाडूने २००८ पासून राज्यभराची व्यवस्था बसवली. पुढे २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम आले, तेव्हा क्रम लेखी झाला: आधी राज्याची यादी, मग विभागाची (म्हणजे काही राज्यांच्या गटाची), मग देशाची.

या क्रमाला आधार आहे. काढलेलं हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात बसवावं लागतं. यकृताला आणि किडनीला त्याहून जास्त अवधी मिळतो. म्हणून रुग्ण ज्या हॉस्पिटलात आहे ते जवळ असणं महत्त्वाचं. पण तो रुग्ण मूळचा कुठला, याचा त्या तासांशी काय संबंध? काही राज्यांनी ‘राज्याची यादी’ म्हणजे ‘राज्याच्या अधिवासींची यादी’ असा अर्थ लावला, आणि माझ्या मते चूक इथेच झाली.

कागद आणि शरीर यांतला हा झगडा इतर देशांनीही पाहिला आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २००२ पासून यकृताचं वाटप ‘मेल्ड’ गुणांवर होऊ लागलं. रक्तातलं बिलिरुबिन व क्रिएटिनिन यांचं प्रमाण आणि रक्त गोठण्याची चाचणी यांवरून पुढच्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका किती, ते हे गुण सांगतात. यादीत नाव कधी लागलं याला पूर्वीइतकं वजन उरलं नाही. किडनीच्या बाबतीत तिथे डिसेंबर २०१४ मध्ये मोठा बदल झाला. प्रतीक्षा नाव नोंदवल्या दिवसापासून नव्हे, तर डायलिसिस सुरू झाल्यापासून धरली जाऊ लागली. तज्ज्ञापर्यंत उशिरा पोचणाऱ्या गरीब रुग्णाची वाया जाणारी वर्षं त्यामुळे हिशेबात आली. आपल्या राष्ट्रीय निकषांतही डायलिसिसवरच्या काळाला गुण आहेत, आणि ते योग्यच आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने सर्व राज्यांना सांगितलं: नोंदणीसाठी अधिवासाची अट नको, शुल्क नको, आणि पासष्ट वर्षांच्या वयोमर्यादेचाही अडसर नको.

यादी मोकळी झाली, पण वाटायला अवयव थोडेच आहेत. २०२३ मध्ये देशात अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली. मृत्यूपश्चात दाते मात्र अकराशेच्या आसपास. बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांचे, त्यातही बहुतांशी आई, बायको, बहीण यांचे. अवयव मिळणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेने प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना आणि मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्याची सूचना राज्यांना केली आहे.