महागड्या गाडीची किंमत टिकते का?

‘नामांकित ब्रँडची महागडी गाडी घ्या, तिची किंमत पडत नाही’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. असं वाटणं साहजिक आहे, कारण बातमी होते ती लिलावात गाजलेल्या दुर्मीळ गाड्यांचीच. रोजच्या वापरातल्या आलिशान सेडानचं गणित वेगळं. वॉरंटी संपली की गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन (धक्के शोषणारी हवेची यंत्रणा) यांचा खर्च पुढच्या मालकाच्या माथी येतो. गाडी जुनी झाली म्हणून सुटे भाग स्वस्त होत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक आधीच भाव पाडून मागतं. त्यात नवं मॉडेल आलं की जुनं आणखी उतरतं.

पडताळायचंय? एकच मॉडेल, एकच व्हेरिएंट घ्या. पाच वर्षं जुन्या गाडीचा आजचा भाव तिच्या नवेपणीच्या किमतीशी ताडून पाहा. साध्या हॅचबॅकचंही तसंच प्रमाण काढा. जाहिरातीतला भाव मागितलेला असतो, मिळालेला नव्हे, हेही धरा.