शंभर मुलं म्हणजे सतरा मुलं

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. शाळेत पाहुणे येतात, भाषण होतं, मुलं शपथ घेतात. धोके समजले की मुलं व्यसनापासून लांब राहतील, हा त्यामागचा समज. १९८३ साली लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या ‘डेअर’ कार्यक्रमात गणवेशातले पोलीस वर्गावर जाऊन असंच शिकवत. पुढे मोजदाद झाली, तेव्हा व्यसनांवरचा परिणाम नगण्य निघाला.

गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात वेगळी वाट धरली: भाषणांऐवजी शाळेचं वातावरणच सुधारायची. उपक्रमाचं नाव ‘सेहर’, शाळा ७४, मुलं नववीची. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे शाळांचे तीन गट पाडले. एकात उपक्रम राबवायला प्रशिक्षण दिलेला समुपदेशक, दुसऱ्यात शाळेतलाच शिक्षक, तिसऱ्यात फक्त जीवनकौशल्यांचे नेहमीचे सरकारी तास.

गट मुलांचे न पाडता शाळांचे का? उपक्रम अख्ख्या शाळेसाठी होता म्हणून. पण त्याची किंमत असते: एका शाळेतल्या मुलांना तेच शिक्षक, तीच दादागिरी, तीच भीती, म्हणून त्यांची उत्तरंही एकमेकांसारखी येतात. या सारखेपणाला ‘रो’ म्हणू: ० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी उत्तरं सारखीच. शाळेत १०० मुलं आणि रो ०.०५ धरला, तर १ + ९९ (बाकीची मुलं) × ०.०५ = ५.९५. शंभराला त्याने भागा: जेमतेम १७. म्हणजे शंभर मुलांना विचारून माहिती मिळते ती सतरा स्वतंत्र मुलांएवढीच! म्हणून मुलं वाढवून भागत नाही, शाळा वाढवाव्या लागतात. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते असं, की गणिताला नडणारा हा रो म्हणजेच शाळेचं वातावरण, आणि ‘सेहर’ने हात घातला तो त्यालाच. परिपाठात चर्चा, निनावी चिठ्ठ्यांची पेटी, भित्तिपत्रक, शिवाय एकेकट्या मुलाशी बोलणं.



२०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निकाल छापला. आठ महिन्यांत समुपदेशकाच्या शाळांमधलं वातावरण सुधारलं. नैराश्याची लक्षणं, दादागिरी, हिंसा कमी झाली. शिक्षकांनी तोच उपक्रम राबवला तिथे तिसऱ्या गटाहून काहीच वेगळं घडलं नाही. मला यात शिक्षकांचा दोष दिसत नाही. अभ्यासक्रम, परीक्षा, सरकारी कामं सांभाळून उरलेल्या वेळात मुलाचं मन कसं ऐकणार? आणि जो गुण देतो त्याच्याजवळ मूल मन मोकळं तरी कसं करणार?

सतरा महिन्यांनी पुन्हा मोजलं. समुपदेशकाच्या शाळांतला फरक आणखी वाढला होता. शिक्षकांच्या शाळा होत्या तिथेच होत्या.