खुलासा: बर्क्स काउंटीच्या कोठारांवरील तारे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बर्क्स काउंटीच्या ग्रामीण भागात शेतावरील कोठारांच्या भिंतींवर रंगवलेली तारे-फुलांची वर्तुळे आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक चेटकिणींना दूर ठेवण्यासाठी काढतात, हा समज चुकीचा आहे. साधेपणा हाच धर्माचार मानणारे आमिश अशी सजावट टाळतात; ती रूढ केली त्यांच्यासारखीच जर्मन बोली बोलणाऱ्या, पण लुथरन आणि रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चच्या शेतकऱ्यांनी. चेटकाची कथा मुख्यतः अमेरिकी लेखक-छायाचित्रकार वॉलेस नटिंग यांच्या १९२४च्या लेखनातून पसरली आणि पर्यटनाने ती (अर्थातच) जपली. काही अभ्यासक या चित्रांत संरक्षक अर्थ पाहतात. मात्र हेच तारे बाप्तिस्म्याच्या सचित्र दाखल्यांवर, थडग्यांवर आणि वधूच्या पेट्यांवरही आढळतात, म्हणजे ते केवळ कोठार राखण्यापुरते नव्हते.