बडोद्यातलं सबस्टेशन कोणत्या कोडचं?

कारखान्यासाठी ६६ केव्हीचं सबस्टेशन उभारायचं तर मंजुरीच्या फाइलीत पहिला प्रश्न येतो: यार्डातली, म्हणजे उघड्या आवारातली गँट्री (तारा ताणून धरणारी पोलादी चौकट) डिझाइनच्या कोडासाठी टॉवर धरायची की इमारत? हा गोंधळ जुना आहे.

१९५६च्या भारतीय विद्युत नियमांचा भर तारांची अंतरं, अर्थिंग आणि लाइनच्या खांबांवर होता. धातूच्या खांबाला सुरक्षा गुणांक (मोडणारा भार भागिले प्रत्यक्ष भार) १.५, लाकडीला ३. चार्ज करण्याआधी, म्हणजे वीज सोडण्याआधी, विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागे. १९६७ साली लाइन टॉवरसाठी आयएस ८०२ हा कोड, म्हणजे भारतीय मानक आलं. गँट्रीचे अँगल, बोल्ट, गॅल्व्हनायझिंग टॉवरसारखंच, म्हणून तोच कोड यार्डातही रुळला. कंट्रोल रूम मात्र इमारतींच्या कोडांकडेच राहिली.

वाऱ्याच्या आकड्यात खरी गल्लत होते. इमारतींवरच्या वाऱ्याचा कोड म्हणजे आयएस ८७५ भाग ३. त्याच्या १९८७च्या आवृत्तीत बडोद्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, तोही तीन सेकंदांच्या झोताचा. १९९५चा आयएस ८०२ त्याला १.३७५ने भागून दहा मिनिटांची सरासरी घेतो, म्हणजे ३२. वारा कमी झालेला नसतो. झोताचा परिणाम तिथे वेगळ्या गुणकाने धरलेला असतो. एका कोडातून ३२ आणि दुसऱ्यातून गुणक उचलला, तर भार चक्क कमी येतो. असं गणित निव्वळ चूक नाही, धोकादायक आहे.

भूकंपाचा आयएस १८९३ मुळात १९६२चा. जाळीदार हलक्या टॉवरवर वारा आणि तारांची ओढच भारी पडते, त्यामुळे यार्डात भूकंपाला दुय्यम मानलं जाई. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये ट्रान्सफॉर्मर रुळांवरून सरकले, तारा ट्रान्सफॉर्मरच्या आत नेणारी चिनी मातीची बुशिंगं फुटली, कंट्रोल रूम कोसळल्या. ती सबस्टेशनं चालवणाऱ्या तेव्हाच्या गुजरात वीज मंडळाचं मुख्यालय इथेच, बडोद्यात रेसकोर्सवर होतं. २००२च्या सुधारित कोडात देशाचे भूकंपाच्या धोक्यानुसार चार विभाग झाले, दोन ते पाच क्रमांकांचे: बडोदा तिसऱ्यात, विभागाचा गुणांक ०.१६. कच्छ पाचव्यात, ०.३६. त्या कोडात आपल्याकडे तो निम्म्याहून कमी होता, तरी ट्रान्सफॉर्मरचे पाय पायाला पक्के बांधायचं टाळू नये.

१९५६च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांनी घेतली, ते २०२३मध्ये पुन्हा नव्याने आले. निरीक्षकाची मंजुरी कायम आहे. म्हणून डिझाइनच्या पहिल्याच पानावर गँट्री, ट्रान्सफॉर्मरचा पाया आणि कंट्रोल रूम अशा तीन ओळी लिहाव्यात, प्रत्येकीपुढे कोड आणि त्याचं साल.