गावाचे मासिक छापायला देण्यापूर्वी : संपादक मंडळांसाठी माहितीपत्रक

आमच्या छापखान्यात गावोगावच्या मंडळांचे अंक येतात. ते काढणारी माणसे दिवसभर शेतात, शाळेत किंवा दुकानात राबून रात्री प्रुफे वाचतात आणि त्याचा एक पैसाही घेत नाहीत. ‘आम्ही अंक विकत नाही, फुकट वाटतो, मग नोंदणी कशाला?’ हा त्यांचा प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर येथे लेखी देत आहोत.

नोंदणीचा संबंध अंकाच्या किमतीशी नाही. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून ‘प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३’ लागू झाला आहे. ठरावीक मुदतीने छापून प्रसिद्ध होणारे आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असणारे प्रकाशन या कायद्यानुसार नियतकालिक ठरते. ग्रामसभेचे वृत्त आणि पाणीयोजनेवरचे टिपण आपण दर महिन्याला छापत असाल, तर आपले आठ पानी मासिकही त्यात मोडते. शाळेच्या शताब्दीनिमित्त एकदाच निघणाऱ्या स्मरणिकेला मात्र ही नोंदणी लागत नाही.

शीर्षक आणि नोंदणी यांसाठी आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच अर्ज करता येतो, आणि प्रमाणपत्र भारताचे प्रेस महानिबंधक देतात. तेच किंवा त्याच्याशी मिळतेजुळते शीर्षक मराठीत देशभरात कोठेही, अथवा राज्यात अन्य कोणत्याही भाषेत, दुसऱ्याच्या नावावर असेल तर ते मिळत नाही. म्हणून शीर्षकात गावाचे किंवा तेथल्या नदी-डोंगराचे नाव गुंफावे, असे आम्ही सुचवतो. पहिला अंक दिवाळीला काढायचा असेल, तर अर्ज पावसाळ्यापूर्वीच करावा. नोंदणीशिवाय नियतकालिक काढल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्रकाशन थांबवण्याचा आदेश सहा महिन्यांत पाळला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कारावासाचीही तरतूद आहे. नोंदणी झाल्यावर दरवर्षी वार्षिक विवरणपत्र भरावे लागते, आणि मंडळातले खजिनदार बदलले की नेमके तेच राहून जाते.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती प्रिंटलाइनची, म्हणजे शेवटच्या पानावर मालक, प्रकाशक, मुद्रक आणि संपादक यांची नावे व पत्ते ज्या ओळींत येतात त्यांची. गावातल्या एखाद्या निवृत्त गुरुजींचे नाव आदराने संपादक म्हणून छापावे आणि प्रत्यक्ष मजकूर तरुण मुलांनी निवडावा, ही पद्धत आम्ही अनेकदा पाहिली आहे. तिच्यामागची भावना चांगली असली, तरी एखाद्या मजकुरावर तक्रार झाली की विचारणा आधी त्या गुरुजींकडेच होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत साधा कारावास होऊ शकतो, आणि बदनामीकारक आहे हे माहीत असून मजकूर छापणाराही त्यातून सुटत नाही. म्हणून जो मजकूर वाचून निवडतो, त्याचेच नाव संपादक म्हणून द्यावे. ज्यांचा मान राखायचा आहे, त्यांचे नाव सल्लागार म्हणून अवश्य घ्यावे.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख पटेल असे काहीही देऊ नये. लहान गावात आडनाव, वाडी किंवा शाळेची इयत्ता एवढ्यानेही ओळख पटते. मोबाइलवर फिरत आलेली कविता छापण्यापूर्वी कवी शोधून त्यांची परवानगी घ्यावी, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क त्याच्या वारसांकडे राहतो.

जाहिरातींवरच अंकाचा खर्च निघतो, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही मधुमेह कायमचा बरा करण्याची हमी देणारे औषध, गर्भलिंगनिदान, तंबाखू, दारू किंवा करणी-भूतबाधा उतरवणारे बाबा यांच्या जाहिराती आम्ही स्वीकारत नाही. पहिल्या प्रकाराला १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदा आड येतो, आणि शेवटच्या प्रकाराला महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा.

निवडणुकीच्या काळात मासिकाबरोबर एखाद्या उमेदवाराचे पत्रक घालण्याची विनंती हमखास येते. विधानसभा किंवा लोकसभेच्या निवडणुकीत अशा पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे. प्रकाशकाने स्वतः सही केलेले आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र आम्हाला दोन प्रतींत घ्यावे लागते, व त्यातील एक प्रत छापील पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. ते घोषणापत्र हातात आल्याशिवाय आम्ही पत्रक छपाईला घेत नाही.