पर्म : मालकामार्फत ग्रीन कार्ड (अमेरिका)

अमेरिकेत परदेशी कुशल कर्मचाऱ्याला मालकामार्फत ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क मिळतो, त्याची ही रुळलेली वाट. पर्म हे श्रम प्रमाणपत्राच्या, म्हणजे पदासाठी पात्र स्थानिक उमेदवार मिळत नाही या श्रम खात्याच्या दाखल्याच्या, सध्याच्या पद्धतीचे नाव. ती २८ मार्च २००५ पासून लागू आहे. 'माझं पर्म टाकलंय' असे सर्रास म्हटले जाते, पण अर्ज मालकाचा असतो आणि तपासले जाते ते पद. प्रमाणपत्राचा वकील आणि जाहिराती यांचा खर्चही मालकानेच करायचा. तो कर्मचाऱ्याकडून वसूल करायला २००७ पासून मनाई आहे.

आधी श्रम खाते त्या पदाचे त्या भागातले प्रचलित वेतन ठरवून देते. मग स्थानिक उमेदवारांचा शोध: दोन वेगवेगळ्या रविवारी वृत्तपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवस नोंद, कामाच्या जागी सलग १० कामकाजाच्या दिवशी वेतनासह सूचना. पद व्यावसायिक गटातले, म्हणजे पदवी लागणारे असेल तर ठरलेल्या दहा मार्गांपैकी आणखी तीन.

सगळ्यात जास्त गफलत तारखांत होते. अर्ज भरताना रविवारच्या दोन्ही जाहिरातींना किमान ३० दिवस झालेले हवेत आणि १८० पेक्षा जास्त नकोत. वेतन ठरण्याआधीच जाहिरात दिली आणि वेतनाचा निकाल लांबला, की पहिली जाहिरात शिळी होते आणि ती पुन्हा द्यावी लागते. अर्ज एकदा गेला की त्यात दुरुस्ती नाही. पात्रतेच्या अटी फुगवल्या की तेही उलटते. शिवाय त्याच मालकाकडे मिळवलेला अनुभव बहुधा धरला जात नाही. पात्र आणि तयार असलेला स्थानिक उमेदवार सापडला, तर गाडी तिथेच थांबते.

प्रमाणपत्र १८० दिवसच चालते. तेवढ्यात आय-१४०, म्हणजे कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी मालकाने करायचा पुढचा अर्ज, जायला हवा. त्यात मालकाला ठरलेला पगार झेपतो, हे पर्म दाखल झाल्या दिवसापासून दाखवावे लागते. छोट्या कंपन्या इथे अडतात: तोट्यातला ताळेबंद असेल आणि कर्मचाऱ्याला आजचा पगार कमी असेल, तर समजावणे कठीण.

पर्म दाखल झाल्याची तारीख म्हणजे रांगेतला क्रमांक, 'प्रायॉरिटी डेट'. नोकरीच्या वर्गात वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा, त्यात कुटुंबीयही मोजलेले. एका देशाला साधारण ७ टक्के. देश जन्माचा धरतात, नागरिकत्वाचा नव्हे. म्हणूनच भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतली रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते.

आय-१४० मंजूर झाले की एच-१बी, म्हणजे कुशल कर्मचाऱ्याचा तात्पुरता व्हिसा, सहा वर्षांपुढे तीन-तीन वर्षांनी वाढते, आणि गैरप्रकार वगैरे नसेल तर तारीख नव्या मालकाकडेही चालते. पर्म मात्र नव्याने. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, १८० दिवस प्रलंबित राहिला असेल, तर तशाच कामाच्या नोकरीत जाताना तेही लागत नाही. मुले २१ वर्षांची झाली की या अर्जातून गळू शकतात. वय मोजताना फक्त आय-१४० प्रलंबित होता तेवढे दिवस वजा होतात, रांगेतली वर्षे नाहीत.